तेच संग्रहालय, पुन्हा एकदा

या खेपेला कागदावरच्या चित्रांचं दालन तेवढं बघायचं, बाकी कुठे वळायचं नाही, असं ठरवून गेले. आत शिरले तर ओळखीची जलरंगातली निसर्गचित्रं गायब! त्यांच्या जागी कोळशाने केलेली रेखाटनं. विचारल्यावर कळलं, ती चित्रं विश्रांतीला गेली आहेत. उजेडाने कागद आणि रंग खराब होतात आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून अशा दालनात उजेड साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात आणि चित्रं अधूनमधून उतरवून अंधारात ठेवतात. तेव्हा नेहमी जाणाऱ्यांनी कागदावरची कामं आधी गाठावीत. तैलचित्रं सहसा जागा सोडत नाहीत. आत गेल्यावर डोळ्यांना मंद उजेडाची सवय होऊ द्या. पहिल्या मिनिटाला काळपट वाटलेल्या चित्रात नंतर बरंच काही दिसू लागतं.

ठरवलेलं मोडून शेवटी तैलचित्रांकडे वळलेच. तिथलं एक व्यक्तिचित्र मी दर वेळी बघते. समोरून ते पाठ झालंय, म्हणून या वेळी भिंतीला जवळजवळ खेटून तिरकं पाहिलं. कपाळावर रंगाचा जाड थर, गालावर अगदी पातळ, आणि गडद भागात बारीक भेगांची जाळी. हाताजवळ आणखी एका बोटाची पुसटशी कड दिसली. चित्रकाराने आधी हात जरा वर काढला होता, मग बदलला. तैलरंग जुना होत जातो तसा काहीसा पारदर्शक होतो आणि खाली झाकलेलं वर डोकावू लागतं. इतक्या वेळा पाहूनही हे कधी दिसलं नव्हतं. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडत होतं, तेव्हा तिथल्या रखवालदाराने आपणहून सांगितलं, “सकाळी या, तेव्हा काच त्रास देत नाही.” दिवसभर त्या चित्रांसोबत उभं राहणाऱ्या माणसाला विचारावं, माहितीफलकापेक्षा जास्त कळतं.

फलकही शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याच संग्रहालयांत नोंदणी क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे वस्तू संग्रहात आली ते वर्ष असतं. खाली देणगीदाराचं नाव असतं. एकच नाव धरून सगळी दालनं फिरून पाहा. कुणाची तरी आवडनिवड, हट्ट आणि कधीकधी फसलेली खरेदीही समजते.

दमायच्या आत निघा. बोस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी 1916 साली ‘संग्रहालयाच्या थकव्या’वर लिहिलं होतं, खालच्या कपाटांत वाकून वाकून पाहणाऱ्या माणसाची छायाचित्रंच त्यांनी छापली होती. मला तासाभराने सगळी चित्रं सारखीच दिसू लागतात. वार्षिक पास असला तर पैसे वसूल करायची घाई राहत नाही. किती भेटींत तो फिटतो, एवढा हिशोब काढून घ्या. मोठी पिशवी सामानघरात ठेवावी लागेल. रेखाटन करायचं असेल तर पेन्सिल न्या, पेन किंवा रंग बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. फ्लॅश बंद.

आणि एखाद्याच चित्रासाठी लांबून येणार असाल तर निघण्याआधी फोन करून ते भिंतीवर आहे ना, एवढं विचारा. उसनं दिलेलं किंवा दुरुस्तीला गेलेलं चित्र कधी परतणार, हेही बऱ्याचदा सांगतात.