सूरज तालावरून मागे फिरताना

जून २०२४ मध्ये मी रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० घेतली, ती सप्टेंबरात मनालीमार्गे लेहला जायचे हे आधी ठरवूनच. त्या वेळी माझे वय ४८ होते, उंची पाच फूट तीन इंच, आणि त्याआधीची वीस वर्षे मी १५० सीसीची गाडी चालवत होते. नव्या गाडीचे वजन १९६ किलो आणि सीटची उंची ८२५ मिलिमीटर. शोरूममध्ये पहिल्यांदा बसले तेव्हा माझे फक्त चवडे जमिनीला लागत होते. मी ८०५ मिलिमीटरची कमी उंचीची सीट बसवून घेतली, आणि थांबताना एकच पाय, तोही रस्त्याच्या उंच बाजूला, पूर्ण टेकवायचा ही सवय पहिल्याच आठवड्यात मुद्दाम लावून घेतली. उंच गाडी बहुतेक वेळा पडते ती थांबताना, खड्ड्यापाशी पाय टेकायला गेल्यावर खाली जमीनच सापडत नाही तेव्हा.

पहिले ५०० किलोमीटर मी फार जपून, पण सह्याद्रीच्या घाटांतच काढले. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना घासून बसायच्या असतात, आणि त्यासाठी इंजिनावर थोडा भार, थोडी सैल आणि सतत बदलता वेग लागतो. महामार्गावर एकाच वेगाने तासन् तास पळवलेली गाडी तशी रुळत नाही. वाईहून पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर हा रस्ता मी दोन शनिवार-रविवार केला. गाडी चढावर गुदमरायला लागण्याआधी गिअर उतरवायचा, आणि अॅक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळायचा नाही, एवढे दोनच नियम पाळले. पहिल्या सर्व्हिसिंगला काढलेले तेल मी मेकॅनिककडून एका पांढऱ्या झाकणात मागून घेतले आणि उन्हात धरले. त्यात चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक तरंगत होती. ते झिजलेले धातूचे कण होते. पहिले तेल वेळेवर का बदलायचे, हे त्या झाकणाकडे पाहून जितके कळले तितके पुस्तिका वाचून कळले नव्हते.

माझ्या गाडीला ट्यूबचे टायर आहेत. म्हणून चाक काढणे, पट्ट्या घालून टायर उघडणे, ट्यूब चिमटू न देता परत बसवणे हे सगळे मी घराजवळच्या पंक्चरवाल्या काकांच्या नजरेखाली चार वेळा केले. पहिल्यांदा दोन तास लागले, चौथ्यांदा पंचेचाळीस मिनिटे. पुढे प्रवासात एकदाही पंक्चर झाले नाही, तरी ते चार दिवस वाया गेले असे मला वाटत नाही, कारण निर्मनुष्य रस्त्यावर त्यांनीच मन शांत ठेवले.

बरोबर माझा भाचा होता, त्याच्या रॉयल एनफील्डच्या २०१६ सालच्या कार्ब्युरेटरच्या ३५० सीसी गाडीवर. पुण्याहून दोन्ही गाड्या आम्ही झेलम एक्स्प्रेसने अंबाला कॅन्टला पार्सल केल्या. हा भाग अनेकांना अवघड वाटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगते. आरसी, विमा आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, गाडीची किंमत लिहून द्यावी लागते, आणि टाकीत पेट्रोल असून चालत नाही. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असतो, त्यामुळे भाच्याची टाकी पाच मिनिटांत रिकामी झाली. नव्या गाडीला कॉक नाही, पंप टाकीच्या आत आहे, तेव्हा झाकणातून नळी घालून पेट्रोल ओढून काढावे लागते. त्यासाठी आधीचे दोन दिवस मी टाकी मुद्दाम खाली आणत गेले होते. स्टेशनाबाहेरच्या पॅकिंगवाल्या माणसाने आरसे उतरवले, हँडलला आणि टाकीला आधी पुठ्ठा, मग पेंढा, आणि त्यावर गोणपाट लावून दाभणाने सुतळीचे टाके घातले. शेवटी दोन्ही बाजूंना ‘पुणे ते अंबाला कॅन्ट’ असे जाड अक्षरांत लिहिलेले पुठ्ठे शिवले. दोन महिने जीव लावून रुळवलेली गाडी अशी गोणपाटात शिवलेली पाहताना मला भरून आले, हे लपवायचे कारण नाही. आम्ही स्वतः तीन दिवसांनी निघालो, म्हणजे पोहोचल्यावर गाड्यांची वाट पाहावी लागू नये आणि त्या फार दिवस पडून राहिल्याचे भाडेही चढू नये. अंबाल्याला गोणपाट उसवले तेव्हा दोन्ही गाड्या सुखरूप होत्या. मग त्या ढकलत पंपापर्यंत नेल्या.

सप्टेंबर निवडण्यामागे विचार होता. जुलै-ऑगस्टमध्ये मंडी-कुलूच्या बाजूला दरडी कोसळतात आणि वर बर्फ वितळून नाले फुगलेले असतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर दोन्ही त्रास कमी होतात, फक्त थंडी वाढते. पहिला मुक्काम मंडीला केला, दुसरा मनालीला, आणि मनालीत एक पूर्ण दिवस थांबलो. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटरचे, आणि मनाली गावच २,०५० मीटरवर आहे. आपल्याकडून जाणाऱ्याचे शरीर मनालीतच त्याला अनोळखी अशा उंचीवर आलेले असते, हे जाण्यापूर्वी मी कधी लक्षात घेतले नव्हते.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाल्यापासून लेहला जाताना रोहतांग खिंड चढावी लागत नाही आणि ४६ किलोमीटर वाचतात. बोगद्याच्या अलीकडे देवदार आणि पलीकडे लाहौलचे उघडे डोंगर, इतका फरक दहा-पंधरा मिनिटांत पडतो. टांडीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची ती प्रसिद्ध पाटी आहे. तिथे टाक्या काठोकाठ भरल्या, शिवाय प्रत्येकी पाच लिटरचा कॅन घेतला, आणि जिस्पाला मुक्काम केला. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे.

खरी चूक इथे झाली, आणि ती माझी होती. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या ठिकाणाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहकांचा सर्वमान्य नियम आहे. मी तो वाचला होता, डॉक्टरांनी उंचीच्या त्रासासाठी अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या देताना सल्फाची अॅलर्जी नाही ना हे विचारून तोच पुन्हा सांगितला होता, आणि तरीही मी दुसऱ्या दिवशीचा मुक्काम सार्चूला ठेवला होता. सार्चू ४,२९० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात जवळजवळ ११०० मीटरची वाढ. इंजिनाला मी ५०० किलोमीटर दिले आणि शरीराला एक रात्र दिली.

दारचानंतर चढ सुरू होतो. झिंगझिंगबारच्या पुढे डोक्यात मागच्या बाजूला ठसठस सुरू झाली. हेल्मेट घट्ट बसले असेल म्हणून मी पट्टा सैल केला. सूरज तालाशी थांबलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बारालाचा खिंडीच्या जरा अलीकडचे हे तळे. पाणी निळे-हिरवे, कडेला बर्फाची पातळ पापुद्री. मला हातमोज्याचे वेलक्रो सोडवायचे होते आणि माझी बोटे ते सोडवत नव्हती. थंडीने बधिर झाली असावीत असे मी स्वतःला सांगितले, पण थोड्या वेळाने लक्षात आले की मी पट्टीचे चुकीचे टोक ओढत होते, आणि तेच टोक पुन्हा पुन्हा ओढत होते.

भाच्याने ते पाहिले. तो म्हणाला, “मावशी, रस्त्याच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालून दाखव. टाचेला अंगठा लावून.”

मी दहा पावले चालले. सातव्या पावलाला तोल गेला.

“परत फिरायचं,” तो म्हणाला.

“सार्चू काय, तासाभरावर आहे. खिंड ओलांडली की उतारच आहे.”

“आणि रात्री वाढलं तर? सार्चूच्या अलीकडे बारालाचा आणि पलीकडे लाचुलुंग ला. उतरायचं म्हटलं तरी आधी चढावं लागेल तुला.”

हा मुद्दा त्याने मांडला आणि माझ्याजवळ उत्तर उरले नाही. नकाशावर सार्चू खोलगट पठार दिसते, म्हणून ते मुक्कामाला बरे वाटते. पण ते दोन उंच खिंडींमध्ये अडकलेले आहे, आणि उंचीचा त्रास झालेल्या माणसाला जी एकच गोष्ट हमखास बरी करते, म्हणजे लगेच खाली नेणे, तीच तिथून करता येत नाही. खाली जायचा सरळ रस्ता फक्त आम्ही उभे होतो तिथूनच होता. भाच्याने माझा कॅन आणि मागची बॅग स्वतःच्या गाडीवर घेतली, तो पुढे राहिला, मी दुसऱ्या गिअरच्या वर न जाता त्याच्या मागे राहिले, आणि दर पंधरा मिनिटांनी थांबून त्याने मला आमच्या घरातल्या माणसांचे वाढदिवस विचारले. दारचापर्यंत ठसठस निम्म्यावर आली होती. जिस्पाला पोहोचून मी सूप प्याले आणि संध्याकाळी पाचलाच झोपले.

मागे फिरण्याची एक अडचण आधी कोणी सांगितलेली नव्हती, ती पेट्रोलची. जिस्पा ते सूरज ताल सुमारे ५० किलोमीटर, जाऊन-येऊन १००. माझी टाकी १७ लिटरची आणि चढावर सरासरी लिटरला २८ किलोमीटरची. ३६५ मध्ये १०० मिळवले की टाकी संपूर्ण रिकामी होते आणि सगळा भार कॅनवर येतो. म्हणून विश्रांतीच्या दोन दिवसांपैकी दुसऱ्या दिवशी आम्ही तीसेक किलोमीटर खाली टांडीला जाऊन पुन्हा पेट्रोल भरले. मुक्काम आणि पेट्रोल यांचा हिशेब मांडताना मागे फिरण्याचा एक फेरा त्यात आधीच धरावा, असे मी आता प्रत्येकाला सांगते. तो धरलेला नसतो म्हणूनच माणसे दुखते डोके घेऊन पुढे जातात.

टांडीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात. मी मूळची पंढरपूरची, आमच्याकडे भीमेला तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे चंद्रभागा म्हणतात, आणि इथे हिमालयात चंद्रा नि भागा मिळून झालेल्या, पुढे चिनाब होणाऱ्या नदीचेही नाव चंद्रभागाच. भागा ही सूरज तालातून निघते. ज्या तळ्यापासून मी परत फिरले होते, त्याचेच पाणी दोन दिवसांनी माझ्या पायाशी आले होते. मी आईला फोन लावून नदीचा आवाज ऐकवला. तिने विचारले, “वाळवंट आहे का गं तिथं?” मी सांगितले, नाही, नुसते दगड आहेत.

त्यानंतरचा बेत आम्ही बदलला. लेह ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे जिस्पाहून फक्त ३०० मीटर उंच. मधल्या कुठल्याही ठिकाणी झोपण्यापेक्षा एका दिवसात सव्वातीनशे किलोमीटर काढून थेट लेहला झोपणे शरीराला सोपे. मात्र त्यासाठी दिवस मोठा लागतो, शरीर आधी रुळलेले लागते, आणि नाले पहाटे ओलांडायचे असतात, कारण ऊन चढले की वरचा बर्फ वितळून दुपारनंतर त्यांचे पाणी वाढते. पहाटे साडेपाचला निघालो. झिंगझिंगबारच्या वरच्या नाल्यात पाणी पोटरीइतके होते. पहिल्या गिअरमध्ये, नजर पलीकडच्या काठावर ठेवून, क्लच अजिबात न दाबता मी तो ओलांडला. सूरज तालाशी पुन्हा पट्ट्यावरून चालून दाखवले, या वेळी वीस पावले सरळ, आणि आठच्या सुमारास ४,८९० मीटरची बारालाचा ओलांडली.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. माझ्या गाडीचे फ्युएल इंजेक्शन हवा मोजून पेट्रोल कमी करते, त्यामुळे ताकद घटली तरी इंजिन स्वच्छ चालत होते. भाच्याचा कार्ब्युरेटर मात्र खालच्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडत होता. गाटा लूप्सची २१ वळणे चढताना त्याच्या सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला आणि लाचुलुंग लाच्या आधी गाडी चालता चालता बंद पडली. त्याने प्लग काढला, तो काजळीने माखलेला होता. पुसून, तारेच्या ब्रशने घासून परत बसवला आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवून हवेच्या मानाने पेट्रोल कमी केले. अर्धा तास गेला, पण मग ती थेट लेहपर्यंत चालली. त्या अर्ध्या तासात मी दगडावर बसून पाणी पीत राहिले आणि अधूनमधून त्याला वाढदिवस विचारत राहिले.

पांगला चहा घेतला, मोरे मैदानाची चाळीस किलोमीटरची सपाटी सुसाट वाऱ्यात तिरके होत काढली, आणि ५,३२८ मीटरच्या तांगलांग लावर पाचच मिनिटे थांबलो. डोके दुखत नव्हते. कारूच्या पंपावर पोहोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. माझ्या टाकीत साडेबारा लिटर पेट्रोल मावले आणि कॅनचे झाकण उघडावे लागले नव्हते. पंपावरच्या मुलाने माझ्या मागच्या कॅरिअरकडे बोट दाखवून काहीतरी विचारले. वळून पाहिले तर पुण्याच्या पॅकिंगवाल्याने शिवलेल्या सुतळीचा एक टाका तिथे अजून अडकलेला होता आणि त्याला पुठ्ठ्याचा तुकडा लटकत होता, ‘अंबाला’ एवढाच उरलेला. तो तसाच राहू देऊन आम्ही सिंधूच्या काठाने लेहकडे निघालो.