कंबरेचं दुखणं डोळ्यांच्या डॉक्टरांनी ओळखलं : माझा अनुभव

२०१६ ला मी २३ वर्षांचा होतो, पुण्यात नोकरी लागून सहाच महिने झालेले, तेव्हा पहाटे साडेतीन-चारला कंबर दुखून जाग यायला लागली. कंबर म्हणजे पार खाली, बसतो तिथं, कधी उजवीकडे तर आठवड्याने डावीकडे. उठून खोलीत फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं, आडवं झालं की परत सुरू. सकाळी मोजे घालायला वाकता यायचं नाही, पाय हाताने ओढून मांडीवर घ्यायला लागायचा, आणि अकरा वाजेपर्यंत मात्र सगळं मोकळं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट नेहमी ऑफिस सुटल्यावर संध्याकाळची, त्यामुळे तिथं मी नीट चालत जायचो, माझी सकाळ कुणी बघितलीच नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी कंबरेचा एमआरआय काढला, त्यात एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, गादी (डिस्क) जराशी बाहेर दिसली, मग पट्टा आणि तीन आठवडे बेडरेस्ट. कराडला घरी जाऊन झोपून राहिलो आणि तिथं दुखणं दुपटीने वाढलं, आई गरम पाण्याची पिशवी घेऊन रात्रीची उशाशी बसलेली असायची. मग टाचा सुरू झाल्या, सकाळचं पहिलं पाऊल टेकवलं की खिळा टोचल्यासारखं, त्यावर चपला बदलून झाल्या. शिंकलं की बरगडीत कळ यायची म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल. संधिवातासाठीची आरए फॅक्टर तपासणी निगेटिव्ह, युरिक ॲसिड नॉर्मल, डी३ कमी, त्याच्या पुड्या घेतल्या. शेवटी एका डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले टेन्शन घेऊ नका, लग्न झालं की होईल सगळं ठीक. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडलो, आजही ते आठवलं की राग येतो.

२०२१ ला उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आलेत समजून मेडिकलमधून ड्रॉप आणले, दोन दिवसांत अजून वाढलं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी मशीनमधून बघितलं, म्हणाल्या डोळे आलेले नाहीत, आत सूज आहे, युव्हियायटिस, लगेच उपचार करायला हवेत. आणि लिहिता लिहिता विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर दुखते का हो तुमची?" मी नुसता बघतच राहिलो. पाच वर्षांत सकाळ हा शब्द माझ्याआधी दुसऱ्या कुणी काढला नव्हता.

त्यांनी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी रिपोर्टला हात लावायच्या आधी शर्ट काढायला लावला, पाठीवर खाली पेनाने दोन खुणा केल्या, बरोबर १० सेंटीमीटरवर, आणि म्हणाले वाका जमेल तेवढं. निरोगी माणसात ते अंतर १५ च्या आसपास जातं, माझं १२ झालं. मग एचएलए-बी२७ ची रक्ततपासणी, ती पॉझिटिव्ह, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे जनुक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, नुसत्या त्यावर काही ठरवायचं नसतं. खरं कळलं ते एसआय जॉइंटच्या एमआरआयमध्ये, माकडहाडाच्या वर जो सांधा असतो तिथं दोन्ही बाजूंना सूज. आधीचा एमआरआय मणक्यांचा होता, त्यात हा सांधा नीट आलाच नव्हता. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा आणि या सांध्यांचा सुजेचा संधिवात, डोळ्यातली सूज आणि टाचांचं दुखणंही त्यातलंच. यात झोपून राहिलं की आखडतं आणि हालचालीने मोकळं होतं, म्हणजे ते तीन आठवडे मी नेमकं उलटं करत होतो.

सुजेच्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम यावर वर्ष काढलं, पुरेसा फरक पडेना म्हणून अडॅलिमुमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली, त्याने दबलेला टीबी उसळू शकतो म्हणून आधी टीबीच्या तपासण्या करून. आता पहाटे जाग येत नाही.

डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला आहे का विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. घरी आईला सांगितलं तर ती पदर हातात धरून गप्पच बसली, मग म्हणाली, "अरे, तुझा मामा." मामा कमरेतून वाकलेले, मागं बघायचं तर अख्खं अंग वळवायचे, सगळे म्हणायचे एसटी चालवून चालवून झालंय. त्यांचा मुलगा आता २६ चा आहे, टाचा दुखतात म्हणून नवीन बूट घेतलेत. परवा त्याला सकाळी आठची अपॉइंटमेंट घेऊन दिली, मुद्दाम सकाळची, एमआरआय गुरुवारी आहे.