तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकवेड्यांनी काय बघावं?

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, मी खूप वाचतो, तत्त्वज्ञानाची आवड आहे, तर पिक्चर कुठले बघू? आणि बहुतेकांना कादंबऱ्यांवरचे सिनेमे हवे असतात. मी ते नाही सांगत, कारण आवडत्या पुस्तकावरचा सिनेमा बघताना यात काय काय गाळलंय तेच आपण मोजत बसतो. वाचणाऱ्याने असं काहीतरी बघावं की संपल्यावर पाच मिनिटं जागचं उठवत नाही.

माझं पहिलं नाव ठरलेलं, जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'इकिरू', 1952 चा. मी तो पहिल्यांदा पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या थिएटरमध्ये बघितला. वातानाबे नावाचा सरकारी साहेब, जवळजवळ 30 वर्षं एकही दिवस न चुकवता शिक्के मारत बसलेला, त्याला पोटाचा कॅन्सर होतो, सिनेमा सुरूच होतो त्याच्या पोटाच्या एक्सरेने. वस्तीतल्या बायका अर्ज घेऊन येतात की सांडपाण्याचं डबकं बुजवा, तिथे मुलांसाठी बाग करा, तर त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर नुसतं फिरवतात. (मी एका दाखल्यासाठी अशीच फिरलेय, तेव्हा तो भाग बघताना मुठी वळल्या होत्या.) टॉलस्टॉयची इव्हान इलिचची गोष्ट, मरणाच्या दारातल्या एका न्यायाधीशाची, यामागे आहे, ती वाचली असेल तर जास्तच भिडेल. पण खरी कमाल पुढे आहे, हा माणूस ती बाग करून घेण्यासाठी धडपडतो, सिनेमा संपायच्या बराच आधी जातो आणि मग ऑफिसातली मंडळी त्याच्या फोटोसमोर बसून, पीत पीत, तो शेवटी असा का वागला यावर वाद घालत राहतात. गेलेल्या माणसाचा अर्थ मागे राहिलेले कसा लावतात, किती चुकीचा लावतात, हे मी तरी इतक्या नेमकेपणाने कुठे वाचलेलं नाही. आणि मग त्याच्या शेवटच्या रात्रीचा तो झोपाळा. बर्फ पडतंय, बाग झालीय, आणि हा एकटा झोपाळ्यावर बसून हळू आवाजात गाणं म्हणतोय.

आपल्या भाषेतलं हवं असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'अस्तु'. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे मोठे विद्वान आहेत, अल्झायमर झालेले, रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते गाडीतून उतरून त्याच्या मागे चालायला लागतात. इकडे मुलगी वेड्यासारखी शोधतेय आणि तिकडे माहुताची बायको, कानडी बोलणारी, त्यांना लेकरासारखं सांभाळतेय, ती झालीय अमृता सुभाष, या कामाला तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आठवणी गेल्या, नाव गेलं, तर आत उरलंय ते कोण? उपनिषदं वाचणाऱ्या माझ्या एका काकांना हा दाखवला, तर सिनेमाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, नुसते बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

डॉक्युमेंटरीत 'एक्झामिन्ड लाइफ' (2008) बघा, तत्त्वज्ञ रस्त्यावरून चालता चालता बोलतात, सगळेच सारखे रंगत नाहीत.

आणि आज रात्री वेळच नसेल तर सत्यजित रायांची 'द इनर आय', 1972 ची, फक्त 20 मिनिटांची डॉक्युमेंटरी. शांतिनिकेतनातले त्यांचे गुरू, चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी, ऑपरेशननंतर दृष्टी पूर्ण गेली तरी काम थांबलं नाही. त्यांच्या बोटांकडे बघा, कागद कसा चाचपतात, घडी कशी घालतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घरच्यांनाही बोलवा.