बेळगावात ऑक्सिजन नऊ टक्के कमी

आम्लात बुडवून फिरवलेल्या चकतीवर ऑक्सिजनचं विजेने पाण्यात रूपांतर करत होतो. १६०० आरपीएमला (मिनिटाला १६०० फेरे) लिमिटिंग करंट, म्हणजे ऑक्सिजन चकतीपर्यंत जितका पोचतो त्याने बांधलेला कमाल करंट, ५.४५ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर. गणिताने ६.०४ यायला हवा होता. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत एवढ्याच फरकावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चर्चा चालली, कारण त्यावर एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचं अख्खं प्रकरण उभं होतं.

नमुना होता टायटेनियाच्या (टायटॅनियम डायऑक्साइडच्या) पातळ थरावर बसवलेल्या प्लॅटिनमच्या नॅनोकणांचा. ५ मिलिमीटर व्यासाची ग्लासी कार्बनची सुटी चकती ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने घासायची, तिच्यावर टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडचं पातळ द्रावण स्पिन कोटरवर पसरवायचं आणि आर्गॉनमध्ये ४०० अंशांना भाजायचं. बेळगावच्या जुलैत इथेच पहिली अडचण येते. हवेतल्या दमटपणाने द्रावण बाटलीतच पांढुरकं होतं, म्हणून त्यात थोडं अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन घालतो आणि डीह्युमिडिफायर लावल्याशिवाय झाकण उघडत नाही. थर १० नॅनोमीटरच्या आसपास हवा. जाड झाला की त्याचा रोध आड येतो आणि करंटचं पठार तिरकं पडतं.

मग क्लोरोप्लॅटिनिक आम्ल, आणि हायड्रोजनमिश्रित आर्गॉनमध्ये २०० अंशांना क्षपण (म्हणजे त्या आम्लातून प्लॅटिनम धातू सुटा करणं). ५०० पर्यंत नेलं तर टायटेनियाच प्लॅटिनमच्या कणांवर चढून बसतो. एवढ्या तापमानाला क्षपण केलं की टायटेनियावरच्या प्लॅटिनमला वायू चिकटेनासे होतात, हे टाउस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं आहे. शेवटी धुणं. क्लोराइडचा अंश राहिला तर तो प्लॅटिनमच्या जागा अडवतो आणि पेरॉक्साइड वाढवतो. म्हणून ०.०५ ते १.२ व्होल्ट अशी आवर्तनं देऊन पहिलं द्रावण ओतून टाकतो आणि मोजणी ताज्या ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लात करतो (७० टक्क्यांचं ८.६ मिलिलिटर, एक लिटरला). क्लोराइडचीच भीती म्हणून संदर्भाला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड वापरत नाही, हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरतो.

६.०४ हा आकडा लेव्हिचच्या सूत्राचा, म्हणजे फिरत्या चकतीचा लिमिटिंग करंट सांगणाऱ्या सूत्राचा. ऑक्सिजनच्या रेणूमागे चार इलेक्ट्रॉन (पेरॉक्साइडवर थांबला तर दोनच) आणि ऑक्सिजनची विद्राव्यता १.२६ मिलिमोलर धरून तो येतो. आलेल्या ५.४५ वरून उलटं गणित केलं की इलेक्ट्रॉन ३.६ निघतात, म्हणजे जवळजवळ २० टक्के ऑक्सिजन पाण्याऐवजी पेरॉक्साइडवर थांबतोय. 'टायटेनियाच्या सान्निध्यात दोन-इलेक्ट्रॉन मार्ग उघडतो' असं वाक्य मसुद्यात लिहूनही झालं होतं. वाक्य आकर्षक खरं, पण रिंग, म्हणजे चकतीभोवतीची कडी, जी सुटलेलं पेरॉक्साइड पकडून मोजते, त्याला साक्ष देत नव्हती. आमच्या रिंगची संकलन क्षमता २५.६ टक्के. २० टक्के पेरॉक्साइड असेल तर १.२ व्होल्टवर धरलेल्या रिंगमध्ये ३० मायक्रोअँपिअर दिसायला हवेत. दिसत होते ३. त्यावरून पेरॉक्साइड जेमतेम दोन टक्के आणि इलेक्ट्रॉन ३.९६.

एकाच चकतीवरून दोन उत्तरं म्हटल्यावर नेहमीच्या संशयितांना धरलं. आधी मोटर. करंट वेगाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून एवढी घट यायला १६०० च्या जागी १३०० च्या आसपास फेरे पडत असायला हवेत. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमधून टॅकोमीटर आणून लावला. वेग बरोबर होता. ऑक्सिजन अर्धा तास सोडलेला, वॉटर बाथ २५ अंशांवर. थर चकतीच्या कडेपर्यंत पोचलाय हेही भिंगाखाली पाहिलं. मग ऑक्साइडचा संबंधच नसलेली, निव्वळ प्लॅटिनमची चकती बसवली. तिचाही करंट तेवढाच! ४०० ते २५०० आरपीएमपर्यंतच्या कौटेकी-लेव्हिच रेषा (वेगानुसार करंट कसा बदलतो ते दाखवणाऱ्या) दोन्ही चकत्यांच्या समांतर, आणि दोन्हींचा चढ हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त. टायटेनिया तिथेच निर्दोष सुटला. उरली फक्त विद्राव्यता.

१.२६ हा आकडा समुद्रसपाटीचा. बेळगाव साडेसातशे मीटरवर.

"पण सर, फोनवर तर दाब १००६ दाखवतोय की," विद्यार्थिनीने लगेच हरकत घेतली. हरकत रास्त होती आणि फसगत नेमकी इथेच होते. हवामानाच्या अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, नाहीतर नकाशावर बेळगाव आणि कारवारची तुलनाच करता येणार नाही. विमानतळाच्या हवामानवृत्तातला आकडाही तसाच. फोनच्या आतल्या सेन्सरचा दाब दाखवणारं दुसरं अ‍ॅप उघडलं, तर ९२२ हेक्टोपास्कल. त्यातून २५ अंशांचा पाण्याच्या वाफेचा दाब ३२ वजा केला की ऑक्सिजनच्या वाट्याला ८९० येतात. समुद्रसपाटीला येतात ९८१. गुणोत्तर ०.९०७. सिलिंडर शंभर टक्के शुद्ध असला तरी सेल उघड्या हवेच्या दाबावरच असतो, त्यामुळे विद्राव्यता नऊ टक्के कमीच राहणार. सुधारलेला हिशेब ५.४८, मोजलेला ५.४५. इलेक्ट्रॉन ३.९८.

कायनेटिक करंट, म्हणजे उत्प्रेरकाच्या स्वतःच्या वेगाचा करंट, काढताना मोजलेलाच लिमिटिंग करंट वापरतात, म्हणून तिथे सगळं सुरक्षित आहे असं वाटतं. तसं नाही. प्लॅटिनमवर या अभिक्रियेची ऑक्सिजनबाबतची कोटी जवळपास एक असल्याने, म्हणजे तिचा वेग ऑक्सिजनच्या प्रमाणातच बदलत असल्याने, ०.९ व्होल्टचा कायनेटिक करंटही इथे नऊ टक्के कमी येतो. प्रकाशित आकड्यांशी तुलना करायची तर आधी ०.९०७ ने भागायला हवं. हायड्रोजन इलेक्ट्रोड जागेवरच कॅलिब्रेट केला असेल तर त्यातला हायड्रोजनही कमी दाबाचा. तो फरक सव्वा मिलिव्होल्टच्या आसपास, ऐकायला क्षुल्लक, पण टाफेल उतार (करंट दहापट बदलायला लागणारा व्होल्टेजचा फरक) ६० मिलिव्होल्ट असला की करंटमध्ये चार-पाच टक्के आणखी जातात. दोन्ही मिळून चांगला उत्प्रेरकही तेरा-चौदा टक्क्यांनी कमअस्सल दिसतो. यात उत्प्रेरक बनवणाऱ्याचा काही दोष नाही.

घाट उतरून कारवारला मोजलं असतं तर हा प्रश्न उठलाच नसता. आता आमच्या नोंदवहीत तापमानाशेजारी जागेवरच्या दाबाचा रकाना आहे आणि निव्वळ प्लॅटिनमची चकती रोज पहिली लागते. मसुद्यातलं ते वाक्य काढलं. टायटेनियाचा खरा परिणाम शोधायचा तर तो ०.९ व्होल्टच्या कायनेटिक करंटमध्ये आणि हजारो आवर्तनांनंतर प्लॅटिनमचं किती क्षेत्र टिकतं त्यात शोधावा लागेल. ती मोजणी पुढच्या आठवड्यात लावली आहे, वीज टिकली तर.