गणपतीच्या शाळेत इंचभर उंचीचे योद्धे

वेंगुर्ल्यात घराशेजारी आमचा जुना मांगर आहे. आषाढापासून चवथीपर्यंत तिथे गणपती असतात. उरलेलं वर्ष त्याच फळ्यांवर झोंबी, ड्रॅगन, व्हायकिंग आणि अंतराळातले चिलखती सैनिक रांगेने उभे असतात. बोर्ड गेमच्या खोक्यांतून येणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या मूर्ती, म्हणजे मिनी, रंगवून देणं हा आमचा धंदा. नव्याने ओळख झालेल्या माणसाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याचे लोक पैसे देतात?"

देतात. कारण सोपं आहे. या मिनी साधारण 28 ते 32 मिलिमीटरच्या मापाच्या, खोक्यातून निघतात त्या एकरंगी, बहुतेक करड्या. 'झोंबिसाइड'सारख्या खेळात एका खोक्यात सत्तरच्या आसपास मूर्ती भरतात. विकत घेणारा प्रत्येक जण "दर रविवारी दोन-चार रंगवू" म्हणतो आणि खोकं कपाटावर जातं. पुण्यात नोकरीला असताना आमच्या शनिवारच्या खेळणाऱ्या मंडळींत असे करडे ढीग घरोघर होते. मी त्यातली त्यात हौशी. ऑफिसातून आल्यावर टेबललॅम्पखाली बसून रंगवायचे आणि मित्रांची खोकीही घरी आणायचे. पैसे कोणी विचारले नाहीत, मी मागितलेही नाहीत.

लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले ती थेट गणपतीच्या शाळेच्या घरात. माझ्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. गावातले लोक आपापले पाट आणून देतात आणि त्या पाटावर त्यांचा गणपती घडतो, अशी ही पिढीजात शाळा. पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोळ्यांत भरली. चवथ झाली की हे तयार हात मोकळे. कोणी काजूच्या कारखान्यात जातो, कोणी घरं रंगवायला, कोणी आंब्याच्या बागेत राखणीला. अर्ध्या इंचाच्या किनारीवर एका दमात सोनेरी रेघ ओढणारा माणूस भिंतीला डिस्टेंपर लावतो, हे काही मला पटेना. पुण्यातल्या मित्रांची दोन खोकी मागवली आणि आबांपुढे ठेवली. तिथून सुरुवात.

आबांना हे परकं वाटेल अशी माझी धास्ती होती. त्यांनी एक मिनी उचलून उजेडात फिरवली आणि म्हणाले, "सावंतवाडीचे चितारी काय वेगळां करतत?" खरंच होतं. गंजिफाचे गोल पत्ते म्हणजे हाताने रंगवलेला खेळच. दशावतारी संचात 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. पत्त्याला आधी चिंचोक्याच्या खळीचा हात, मग रंग, वरून लाख. आम्ही करतो तेही प्राइमर, रंग आणि वार्निश. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती कला पुन्हा उभी केली म्हणून ती आज दिसते तरी.

हात होते, पण सवयी मोडाव्या लागल्या. पहिला वाद डोळ्यांवरून झाला. गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, ती मुख्य कारागीरच करतो आणि त्या वेळी बाकीचे बोलतही नाहीत. मिनीत आम्ही डोळे आधी करतो. खोबणीत गडद तपकिरी भरायचा, मग दोन्ही कडांना मळकट पांढरा, अगदी शुभ्र नाही, शुभ्र पांढऱ्याने माणूस भेदरलेला दिसतो. मध्ये बुबुळाची उभी रेघ, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत टेकलेली. डोळा अर्ध्या मिलिमीटरचा, हात हलणारच. हलला तर हलू दे, नंतर कातडीचा रंग कडेने आत आणत चूक झाकून टाकता येते. आबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि डोळे शेवटीच केले. चुकले नाहीत. म्हणून आजही आमच्याकडे दोन पद्धती चालतात: आबांची आणि बाकी सगळ्यांची.

दुसरी सवय चकाकीची. गणपतीला झळाळी हवी, पीतांबर उठून दिसायला हवा. मिनी रंगवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र मॅट हवं, गंज हवा, बुटांना चिखल हवा. आमच्याकडे रंगवणाऱ्या एका काकींनी लालचुटूक झगा इतका सुरेख केला आणि मी त्याच्या खालच्या काठाला तपकिरी पाणी सोडलं, तेव्हा त्या उसळल्याच: "एवढां बरां रंगवलंय आणि वर चिखल कित्याक फासतस?" मळवायचे पैसे वेगळे मिळतात, हे पहिला हिशेब हातात पडल्यावर पटलं.

रंग किती पातळ करायचा हे मात्र शिकवावं लागलं नाही. मिनीवर एक जाड हात दिला की चेहऱ्यावरची खाच बुजते. दुधाइतका पातळ रंग, एक हात, वाळू द्यायचा, मग दुसरा. शाळेतल्या माणसांना हे अंगवळणी होतं.

हाताने जेवढं दिलं तेवढं हवेने काढून घेतलं. या छंदाची बहुतेक शिकवण थंड, कोरड्या देशांतून येते आणि तिथे पहिला धडा असतो: स्प्रे कॅनने प्राइमर मारा. इथे पावसाळ्यात तो मारून बघा. कॅनमधलं द्रावण झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवेतला ओलावा त्या गार थरावर बसतो. मॅट वार्निश असेल तर सबंध मूर्तीवर पांढरं धुकं येतं. कधी वरून ग्लॉसचा पातळ हात दिला की ते निघतं, कधी निघत नाही. आमचा नियम असा की हवेतला ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा 65 टक्क्यांच्या वर असेल तर कॅन उघडायचा नाही. म्हणजे जून ते सप्टेंबर बंदच, आणि एरवीही उन्हं चढल्यावरच. शिवाय दाबाखालचे हे ज्वालाग्राही डबे नेहमीच्या कुरिअरने विमानातून पाठवता येत नाहीत, त्यामुळे ते गाडीमार्गाने रमतगमत येणार.

यातून सुटका केली ती शाळेतल्याच कॉम्प्रेसरने. गणपतीच्या अंगाला छटा द्यायला एअरब्रश होताच. त्यात पाण्यातला प्राइमर भरला, दाब 20 पीएसआयच्या आसपास ठेवला, आधी काळा सगळीकडून आणि मग पांढरा फक्त वरून, डोक्यावर ऊन पडावं तसा. सावल्या इथेच मिळतात. पण दमट हवा दाबली की नळीत पाणी जमतं आणि ऐन चेहऱ्यावर थेंब थुंकला जातो. पाणी अडवणारा फिल्टर लावल्यापासून ते थांबलं. तो दर तासाने रिकामा करावा लागतो आणि पावसाळ्यात त्यातून पाणी निघतंच निघतं. वाळवायला घरोघर कपाटात बुरशीसाठी लावतात तो पिवळा बल्ब. वेट पॅलेटला, म्हणजे रंग ओला ठेवणाऱ्या ओल्या कागदाच्या तबकाला, कुबट वास यायला इथे दोन दिवस पुरतात. त्यात तांब्याचा तुकडा टाकून ठेवला की जरा लांबतं.

हवेचा एक फायदा सांगायलाच हवा. रंग हळू वाळतो, त्यामुळे ओल्यात ओला मिसळायला सवड मिळते. झग्यांच्या चुण्यांवर आमच्या बायका जी छटा आणतात, ती डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात त्यांनाही तशी साधत नाही.

ब्रशांबद्दल थोडं. पूर्वी आपल्याकडे मुंगसाच्या केसांच्या ब्रशाला फार मान होता. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहे आणि असा ब्रश विकणं हा गुन्हा आहे. तरी "ओरिजिनल" म्हणून कुजबुजत दाखवणारे अजून भेटतात. आम्ही सिंथेटिकवर काम करतो. टोक लवकर वळतं, मग तो ब्रश ड्रायब्रशिंगला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर रंग घासायला, जातो. परदेशी कोलिन्स्की, म्हणजे विझलसारख्या प्राण्याच्या केसांचा, ब्रश उत्तम असतो यात वाद नाही, पण शिकाऊ माणसाने तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धंद्याचं गणित फार सांगण्यासारखं नाही. उद्यम नोंदणी झाली, मोठी मागणी पुणे-मुंबई-बंगळूरहून येते, गोव्यातली मंडळी स्वतः गाडीने आणून देतात. दर मूर्तींच्या संख्येवर नाही, कामाच्या दर्जावर ठरतो. झोंब्यांच्या जमावाला काँट्रास्ट रंग, जे सिटाडेल या मिनीच्या रंगांच्या ब्रँडने 2019 मध्ये आणले. एकाच हातात उंचवट्यावर फिका आणि खाचेत गडद बसतो. नायकांना मात्र थरावर थर. सगळेच नायकांसारखे रंगवा म्हणणाऱ्याला मी आधी खर्च सांगते आणि मग तोच म्हणतो, जमाव राहू दे.

एकदा एका कुरिअरने तलवारी आणि मनगटं वेगळी करून पार्सल पोचवलं. तेव्हापासून प्रत्येक मूर्तीच्या बैठकीखाली 5 बाय 1 मिलिमीटरचं चुंबक आणि डब्याच्या तळाला पत्रा. डबा उलटा केला तरी कोणी हलत नाही.

बैठकी हीच आता आमची ओळख झाली आहे. बैठकीवर जमिनीचा खडबडीतपणा आणणाऱ्या विकतच्या लेपाच्या डब्या महाग, म्हणून जांभा दगड कुटून वस्त्रगाळ केला. ओलसर लाल मातीचा तो रंग डबीतून येत नाही. समुद्राची वाळू वापरायची तर गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवावी लागते, नाहीतर मीठ वर येऊन पांढरे डाग पडतात. सुक्या गवताला काथ्याचे धागे, दोन-दोन मिलिमीटरचे कापून. बर्फाळ प्रदेशातल्या व्हायकिंगच्या पायाखाली लाल माती बघून एका गिऱ्हाइकाने शंका काढली, आणि पुढच्या खोक्याला मुद्दाम तीच मागितली.

जांभ्याची पूड, काथ्या, दोन ब्रश आणि सहा रंग असा संच आम्ही आता विकतो, आणि दिवाळीनंतर शनिवारी मांगरात शिकवतो. शिकायला येणाऱ्यांत निम्मे तरी बोर्ड गेम कधी खेळलेले नसतात. खेळ आम्ही शिकवत नाही.

काम द्यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. आषाढी एकादशीनंतर आलेलं खोकं आम्ही अनंत चतुर्दशी झाल्यावरच उघडतो, कारण तेव्हा हात गणपतीत असतात. पाठवण्याआधी मूर्ती भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्याची शिवण पात्याने हलकेच खरवडून काढा. वाकलेल्या तलवारी गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. एवढं घरी केलंत तर तयारीचे पैसे आम्ही लावत नाही.