अंगण खरंच वाकडं निघालं: घरच्या पटिंगचे बारा आठवडे

गोल्फमध्ये होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू हलकेच घरंगळवत होलमध्ये टाकायचा असतो. त्या फटक्याला पट म्हणतात, आणि तोच मी बारा आठवडे घरी हॉलमधल्या मॅटवर घोटतोय. आठव्या आठवड्याची नोंद वहीत अशी आहे: "घरी ८ फूट, २० पैकी १६. ग्रीनवर ८ फूट, २० पैकी ४. चुकलेले सगळे उजवीकडे." त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत आणि पुढचे तीन दिवस वही कोरी.

खरं तर १६ हा आकडा बघूनच शंका यायला हवी होती. टूरवरचे व्यावसायिक गोल्फर ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट टाकतात. मी हॉलमध्ये अनवाणी उभा राहून १६ टाकतोय म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे साधं गणित. पण आकडा आपल्या बाजूचा असला की गणित कोण करतो!

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. पहिले दोन आठवडे घरी सगळे पट डावीकडे जायचे. मी दोष स्वतःकडे घेतला. पकड बदलली, डावा हात खाली घेऊन बघितला, पावलं सरकवली, चेंडू अर्धा इंच मागे घेतला. हळूहळू मॅटच्या टोकाला आडव्या ठेवलेल्या ग्लासात चेंडू जायला लागले. वाटलं, जमलं.

नवव्या आठवड्यात स्टिम्पमीटरचा नाद लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये ग्रीनचा वेग मोजायची ही युक्ती काढली. ३६ इंची पट्टी, तिला इंग्रजी व्ही आकाराची खाच. चेंडू खालच्या टोकापासून ३० इंचांवरच्या खोबणीत ठेवायचा आणि पट्टीचं खोबणीकडचं टोक हळूहळू उचलायचं. साधारण २० अंशांना चेंडू आपोआप सुटतो. तीन चेंडू एका दिशेनं, तीन उलट दिशेनं, आणि सरासरी फुटांत. माझ्याकडे होती ती ॲल्युमिनियमची एक जुनी पन्हळ. ती पुस्तकांच्या थप्पीवर टेकवली. चेंडू हातानं सोडावा लागतो, त्यामुळे माझे आकडे कुठल्याही ग्रीनशी ताडून बघू नका, पण एकाच मॅटवर तुलना करायला ते पुरतात.

बाल्कनीच्या दिशेनं ११ फूट, उलट ९.५. ठीक, इतका फरक असतो म्हणून सोडून दिलं. मग मुलगी म्हणाली, "बाबा, हा पण डावीकडेच चाललाय." बघितलं तर खरंच. बाल्कनीच्या दिशेनं सोडलेला प्रत्येक चेंडू शेवटच्या तीन-चार फुटांत चार बोटं डावीकडे सरकत होता. पन्हळीला ना मनगट, ना पकड, ना खांदे. मुलगी म्हणाली, "ह्याला पण डावा हात खाली घ्यायला सांग."

तरी मी लगेच जमिनीवर आळ घेतला नाही. मॅटला लव असते आणि लवीच्या बाजूला चेंडू ओढला जातो. म्हणून मॅट उचलून टोकाला टोक फिरवली. लवीची करामत असती तर चेंडू आता उजवीकडे वळला असता. तो तसाच डावीकडे. मग पाणसळ आणून आडवी ठेवली. बुडबुडा मधल्या दोन रेघांच्या बाहेर. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरंच वाकडं होतं, आणि मी सहा आठवडे मुकाट्यानं त्या वाकड्या अंगणाचाच नाच बसवत होतो. सपाट ग्रीनवर तोच नाच केला, तर सगळे चेंडू उजवीकडे जाणारच.

आता मुद्द्याचं. चेंडू कुठल्या दिशेनं निघतो ते बहुतांशी, म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त, आघाताच्या क्षणी पटरचा फेस (पट मारायच्या काठीची चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघतोय यावर ठरतं. स्ट्रोकच्या, म्हणजे पटर फिरवण्याच्या, मार्गाचा वाटा त्यामानानं लहान. ८ फुटांवर फेस १ अंश चुकला तर चेंडू ४.३ सेंमी बाजूला जातो. होलचा व्यास १०.८ सेंमी, म्हणजे निम्मा ५.४; तेव्हा हळू आला तर कसाबसा आत. दीड अंश चुकला की ६.४ सेंमी, म्हणजे बाहेर. अशा हिशेबात जमिनीच्या उताराची भेसळ झाली की तुमची चूक किती आणि फरशीची किती हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

म्हणून ग्लास काढून टाकला. त्याऐवजी चेंडूपुढे बरोबर ५० सेंमीवर दोन पेन्सिल सेल गेटसारखे उभे केले, मध्ये ५० मिमी जागा. चेंडू असतो ४२.७ मिमी, तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून साडेसात मिमीसुद्धा मोकळे नाहीत. यातून गेलेला चेंडू सपाट जमिनीवर ८ फुटांवर मध्यापासून दोन सेंमीच्या आतच राहतो. आणि अर्ध्या मीटरमध्ये उताराला आपलं काम करायला वेळच मिळत नाही. सेल पडल्याचा टक्क आवाज येतो, त्यात वादाला जागा नाही. (फरशीवर करू नका. रात्री अकराला सेल गडगडत गेला तर घरात फक्त तुम्हीच खूश असता.)

पहिल्या दिवशी ५० पैकी २१ आरपार. उजव्या सेलवर २४, डाव्यावर ५.

मग केलेले बदल एकेक करून मागे घेतले, प्रत्येक बदलाला दोन दिवस. पकड मूळची केली, फारसा फरक नाही. पावलांचंही तेच. चेंडू अर्धा इंच पुन्हा पुढे, डाव्या डोळ्याच्या खाली आणला आणि त्याच संध्याकाळी ५० पैकी ३३. माझा स्ट्रोक थोडा कमानीसारखा आहे, त्यामुळे चेंडू मागे असला की फेस अजून उघडा, म्हणजे उजवीकडे बघत, असतानाच आघात होतो. फोन मांडणीवरून खाली रोखून सावकाश चित्रण केलं तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. अर्धा इंच! मी आठवडेच्या आठवडे मनगटांना शिव्या घातल्या होत्या.

नजर तपासायची जुनी रीतही करून बघितली: नाकाच्या मुळापासून एक चेंडू सोडायचा आणि तो कुठे पडतो ते बघायचं. माझा पटच्या रेघेपासून दोन बोटं आत, माझ्या बाजूला पडला. त्याला हात लावलेला नाही. एका वेळी एकच.

वेगाबद्दल. आडवा ग्लास हा फार खोटारडा शिक्षक आहे. चेंडू कितीही जोरात आला तरी पोटात घेतो. खऱ्या होलवर जोर वाढला की होल जणू आकसतं. कडेला लागलेला चेंडू ओठावरून फिरून बाहेर पडतो. चेंडू परत फेकणारी, तोंडाशी चढ असलेली यंत्रं मला त्याहून नावडतात, कारण चढ चढवायचा म्हणून हात आपोआप जोर लावायला शिकतो. माझी सध्याची मांडणी: जमिनीवर नाणं, त्यामागे ४३ सेंमीवर घडी केलेला टॉवेल. चेंडू नाण्यावरून जावा आणि टॉवेलला न शिवता थांबावा. ४३ सेंमी म्हणजे गोल्फ प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांचे प्रसिद्ध १७ इंच: होल चुकलं तर चेंडू इतका पुढे जावा असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते पटत नाही. उतरत्या पटला मीही तेवढा सोडणार नाही. पण घरी काहीतरी मोजमाप लागतंच.

लांब पटचं मात्र घरी काही होत नाही. घरच्या एवढ्याशा मॅटवर ३० फुटांचा हात तयार होत नाही, आणि मॅटचा वेग रोज एकच, ग्रीनचा रोज वेगळा. त्यासाठी ग्रीनवर जावं लागतं. इतके दिवस मी तिथे जाऊनही ८ फुटांतच घोळत बसत होतो, ते आता बंद केलंय. तिथे पहिला अर्धा तास फक्त लांबचे पट.

बाराव्या आठवड्याची नोंद: गेट, ५० पैकी ४१. ग्रीनवर ८ फूट, २० पैकी ७, आणि चुकलेले दोन्ही बाजूंना. घरी होल मोजत नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा.

सेलवर पडलेल्या ९ पैकी ६ डाव्यावर आहेत. पकड बदलायला हात शिवशिवतायत, पण उद्या आधी दोरा ताणून गेट तरी सरळ उभं आहे का ते बघतो.