तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडचा स्वयंपाक कुठला

"तुमचा स्वयंपाक नेमका कुठला? मराठी की हिंदी?" पुण्याहून आलेलं कुणीही नागपूरला आमच्याकडे जेवायला बसलं की दुसऱ्या घासाला हे विचारतं. वीस वर्षं मी "विदर्भाचा" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

आईचा संसार मोतीबागच्या रेल्वे क्वार्टरात सुरू झाला. तेव्हा या रेल्वेचं मुख्यालय कलकत्त्याला. एका बाजूला बंगाली शेजार, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मागच्या दारी बिलासपूरकडच्या काकू. हिरव्या मिरचीसोबत मोहरी वाटणं, अंबाडीची चटणी, तांदळाच्या पिठाचा फरा, सगळं या तीन दारांतून आलं. पुढे जरीपटका या नागपूरच्या सिंधी वस्तीतल्या, बाबांच्या मित्राच्या घरून सिंधी कढी आली. तिच्यात दही नाही. बेसन खमंग भाजायचं, चिंचेचं पाणी, आत भेंडी आणि शेवग्याच्या शेंगा. हे बाहेरचं आहे असं आईच्या कधी मनातही आलं नाही.

माझ्या आलं. २००४ साली माझं लग्न ठरत होतं, पुण्याचे पाहुणे जेवायला यायचे होते. आईने गोळाभातासाठी डाळ भिजत घातली होती. मी म्हटलं, ते नको, गोड्या मसाल्याची आमटी कर, गूळ घालून. तिने वरणात कधी गूळ घातला नव्हता. माझ्यासाठी घातला. मसाला किती घालू, म्हणून तीनदा विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं? आमटी कडवट झाली. पाहुण्यांच्या वाट्या भरलेल्याच राहिल्या. आई पुन्हा वाढायला वाकली. "वरून सांबार घालू का थोडा?" पाहुण्या बाई गोंधळल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कोथिंबीर म्हण ना, आई."

"हो, कोथिंबीर," ती म्हणाली.

रात्री तिने ती भिजलेली डाळ वाटली, स्वतःपुरता गोळाभात लावला, वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी घेतली आणि ओट्याशी उभ्यानेच जेवली. "खातेस का?" हे तिने मला विचारलं नाही. एरवी दहादा विचारते.

तेव्हाच्या मला सांगावंसं वाटतं, अगं, मिरची आणि आलूसुद्धा पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेत, मग आपलं कोणतं आणि परकं कोणतं? पण तेव्हाच्या त्या मुलीला हे ऐकायचंच नव्हतं. तिला होकार हवा होता आणि तो मिळाला. त्या होकाराचं मोल मला आजही वाटतं. सासरचे यायचे असले की माझ्याकडे सिंधी कढी होत नाही, गोड्या मसाल्याची बरणी पुढे येते. पाहुण्यांच्या आवडीचं करू नये का? करावं. आईनेही त्या दिवशी तेच केलं होतं.

तर, मराठीच आहे आमचा स्वयंपाक. फरा आणि कढी धरून मराठी.

आई आता सत्तरीपुढे गेली. भाजीच्या ठेल्यावर "सांबार कसा दिला?" विचारते. मी सोबत असले की कोथिंबीर म्हणते.